पाळीव शॅमेलिऑनचं खाणं, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं: काय, किती आणि कुठल्या क्रमाने

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा झाडावरचा सरडा, पाळणारे आता बरेच झालेत, आणि त्यांच्याकडून एकच तक्रार सारखी ऐकू येते: “कॅल्शियम रोज देतोय, तरी पाय वाकले.” किंवा, “महागातली पावडर आणली, तरी जीभ नीट बाहेर येत नाही.” चौकशी केली की पावडर बहुतेक वेळा बरोबरच निघते. चुकलेला असतो तो क्रम. पावडर ही पाचवी पायरी आहे. तिच्याआधी उजेड, पाणी, किड्यांची निवड आणि त्या किड्यांचं स्वतःचं खाणं या चार गोष्टी जागेवर नसतील, तर डबीतलं कॅल्शियम पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं.

खालचे आकडे व्हेल्ड आणि पँथर या दोन जातींसाठी आहेत. आपल्याकडे पाळण्यात मुख्यतः याच दिसतात. व्हेल्ड मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला, पँथर मादागास्करचा.

सुरू करण्याआधी: तुमच्याकडे आहे तो प्राणी कोणता?

शेताच्या बांधावर, बाभळीवर किंवा पावसाळ्यात रस्ता ओलांडताना दिसतो तो आपला घोयरा सरडा, म्हणजे भारतातला देशी शॅमेलिऑन. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. तो पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. “जखमी होता म्हणून आणला” हेही कारण चालत नाही. असा सरडा सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि घरी काहीही खाऊ घालू नका.

व्हेल्ड आणि पँथर विदेशी असले तरी दोन्ही साइट्स कराराच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट दोनमध्ये आहेत. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकत घेताना कागद मागा. कागद नसेल तर प्राणी घेऊ नका, किंमत कितीही कमी सांगितली तरी.

आधी जमवायचं सामान

प्राणी घरी येण्यापूर्वी हे सगळं घरात हवं. प्राणी आधी आणि ट्यूब “पुढच्या पगाराला” असं केलं की पिल्लाची हाडं त्याच महिन्यात मऊ पडायला लागतात.

- यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) देणारी लांब ट्यूब, टी५ एचओ (बारीक, जास्त ताकदीची) प्रकारची, ५.० किंवा ६ टक्के अशी खूण असलेली
- ऊब घेण्यासाठी साधा पिवळा बल्ब आणि लांब वायरीचा सेन्सर असलेला थर्मामीटर
- फवारणीची बाटली आणि थेंब-थेंब पाणी सोडण्याची सोय
- किडे ठेवायला झाकणाला जाळी लावलेला प्लॅस्टिकचा क्रेट आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे
- तीन वेगळ्या डब्या: साधं कॅल्शियम (फॉस्फरस नाही, डी३ जीवनसत्त्व नाही), डी३ असलेलं कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन
- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि एक वही

डबी घेताना लेबल वाचा. पहिल्या डबीवर फॉस्फरस शून्य असला पाहिजे. मल्टिव्हिटॅमिनमध्ये अ जीवनसत्त्व कुठल्या रूपात आहे ते बघा. नुसतं बीटा कॅरोटिन (गाजरासारख्या भाज्यांतलं, अ जीवनसत्त्वाचं आधीचं रूप) लिहिलं असेल तर ती डबी एकटी पुरेशी नाही, कारण शॅमेलिऑन त्याचं अ जीवनसत्त्व नीट करतो यावर विसंबता येत नाही. घटकांत रेटिनॉल, रेटिनाइल ॲसिटेट किंवा पामिटेट असं काही हवं. आणि सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट: काही मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी३ आधीच घातलेलं असतं. तसं असेल तर डी३ची वेगळी डबी घेऊ नका, नाहीतर डोस दुप्पट होतो.

## टप्पा १: उजेड आणि ऊब

यूव्हीबी किरण अंगावर पडले की शॅमेलिऑनच्या कातडीत डी३ जीवनसत्त्वाचं आधीचं रूप तयार होतं, आणि अंग तापलं की त्याचं डी३ होतं. डी३ असलं तरच आतडं कॅल्शियम शोषतं. म्हणजे ट्यूब आणि ऊब दोन्ही एकाच वेळी, एकाच फांदीवर मिळायला हव्यात. ट्यूब एका कोपऱ्यात आणि बल्ब दुसऱ्या कोपऱ्यात ही मांडणी बऱ्याच घरांत दिसते. ती आजच बदला.

ट्यूब पिंजऱ्याच्या जाळीवर आडवी ठेवा. खालची ऊब घ्यायची फांदी अशी बांधा की बसलेल्या प्राण्याच्या पाठीपासून ट्यूब साधारण २० ते २५ सेंमी वर राहील. मधे काच किंवा ॲक्रिलिक नको, त्यातून यूव्हीबी येत नाही. दिवसाला १२ तास. टी५ ट्यूब वर्षाने बदला. ती दिसायला पेटत असते, पण यूव्हीबी कमी झालेला डोळ्यांना कळत नाही, म्हणून आणल्याची तारीख ट्यूबच्या टोकावर मार्करने लिहून ठेवा.

ऊब घ्यायच्या जागी तापमान नरासाठी २९ अंशांच्या आसपास, व्हेल्ड मादी आणि लहान पिल्लांसाठी २७. तळाशी २२ ते २४ असावं, म्हणजे प्राण्याला नको झालं की उतरता येतं. रात्री सगळे दिवे बंद, लाल बल्बसुद्धा नको.

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत दुपारी बल्ब पूर्ण बंद ठेवा, फक्त ट्यूब चालू. शॅमेलिऑन फिका पडून तोंड उघडून बसला असेल तर तो तापलाय. लगेच सावलीत, हवेशीर जागी हलवा आणि बारीक फवारा द्या.

इशारा: दिवसभर वीज नव्हती म्हणून त्या दिवशी जादा डी३ देऊ नका. एक-दोन दिवस ट्यूब बंद राहिल्याने काही बिघडत नाही. डी३ शरीरात साठतं, आणि जास्त झालं की मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम बसायला लागतं.

सकाळचं कोवळं ऊन मिळत असेल तर उत्तम. जाळीचा पिंजरा, अर्धा भाग पानांच्या सावलीत, वीस-तीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी बसलेले. काचेची टाकी उन्हात कधीच नको, काही मिनिटांत तिची भट्टी होते. गच्चीवर एकटं ठेवलं तर घार आणि मांजर दोघंही वाट बघत असतात.

तपासा: बल्ब लावून तासाभराने थर्मामीटरचा सेन्सर फांदीवर प्राण्याच्या पाठीच्या उंचीला धरा. पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटवलेला काटा काय दाखवतो त्यावर जाऊ नका.

## टप्पा २: पाणी

तहानलेला प्राणी खात नाही, आणि खाल्लं तरी पचत नाही. वाटीतलं स्थिर पाणी शॅमेलिऑनला पाणी म्हणून ओळखताच येत नाही. तो पानावरचा हलणारा थेंब चाटतो. पहाटे दिवे लागण्यापूर्वी दोन मिनिटं आणि रात्री दिवे गेल्यावर दोन मिनिटं बारीक फवारा द्या. दुपारी वीसेक मिनिटं थेंबठिबक. दिवसा पिंजरा कोरडा पडला पाहिजे.

साताऱ्यात आणि पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. तेव्हा फवारणी निम्मी करा आणि खिडकी उघडी ठेवा. ओल आणि कोंदट हवा एकत्र आली की छातीचा संसर्ग होतो. सांगलीकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार, नोझल बुजतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात. पिण्याचं गाळलेलं पाणीच वापरा.

जीवनसत्त्वांचे द्रव थेंब फवाऱ्याच्या पाण्यात मिसळू नका. किती पोटात गेलं ते मोजता येत नाही, आणि बाटलीत बुरशी धरते.

तपासा: विष्ठेसोबत येणारा चुन्यासारखा भाग पांढरा हवा. तो गडद पिवळा किंवा नारिंगी येत असेल तर पाणी कमी पडतंय. हे निस्तरल्याशिवाय टप्पा ३ कडे जाऊ नका.

## टप्पा ३: किडे कोणते आणि कुठून

रोजच्या खाण्याचा पाया रातकिडे किंवा पाळलेली डुबिया झुरळं. त्यांच्या जोडीला रेशमाच्या अळ्या आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या. मीलवर्म आणि सुपरवर्म (भुंगेऱ्यांच्या अळ्या) आठवड्यातून एखाद-दोन, तेही बदल म्हणून. मीलवर्मवरच वाढवलेला प्राणी गुबगुबीत दिसतो, पण हाडं कच्ची राहतात.

या सगळ्या किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असतं. प्राण्याला हवं असतं नेमकं उलट: फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी हा एकच ठळक अपवाद, तिच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. म्हणून ती देताना वर कॅल्शियम लावू नका.

किड्याची रुंदी शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको.

आपल्या भागाचा एक फायदा घ्या. सांगली-साताऱ्यात रेशीम शेती करणारे शेतकरी आहेत, त्यांच्याकडून लहान अळ्या मिळू शकतात. अळी मऊ असते, तिच्यात पाणी भरपूर असतं. आजारातून उठलेला प्राणीही ती घेतो. मात्र विचारून घ्या: संगोपनगृहात रोग येऊ नये म्हणून अळ्यांवर जंतुनाशक पावडर धुरळतात. त्या आठवड्यातल्या अळ्या घेऊ नका. घरी आणल्यावर स्वच्छ तुतीच्या पाल्यावर दोन-तीन दिवस ठेवा, सुस्त किंवा काळवंडलेल्या अळ्या काढून टाका, आणि मगच द्या.

शेतातले किडे देऊ नका. ही चूक आपल्याकडे सर्रास होते, कारण नाकतोडा फुकट मिळतो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सतत चालू असते, उसात हुमणीसाठी औषध सोडलेलं असतं. बांधावरचा नाकतोडा टुणटुणीत दिसत असला तरी त्याच्या पोटात काय गेलंय ते दिसत नाही.

याशिवाय पूर्ण वर्ज्य:

- काजवे. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत भरपूर दिसतात, पोरं बाटलीत धरून आणतात. काजव्यातलं विष सरड्यांच्या हृदयावर जातं, एक काजवासुद्धा जीव घेऊ शकतो.
- रुईवरच्या अळ्या आणि किडे, केसाळ सुरवंट, गांधीलमाशी, मधमाशी
- घरातलं झुरळ. पेस्ट कंट्रोल शेजारच्या घरात झालं असलं तरी विष तुमच्याकडे चालत येतं.

## टप्पा ४: आधी किड्याला जेवू घाला

सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती इथे. दुकानातून आणलेला रातकिडा दोन-तीन दिवस उपाशी असतो. त्याला कॅल्शियम लावून दिला तर प्राण्याच्या पोटात एक रिकामं टरफल आणि वरची पावडर एवढंच जातं. शॅमेलिऑन किडा खातो तेव्हा किड्याच्या पोटातलं खाणंही खातो. आपल्या हातात असलेला सगळ्यात मोठा पोषणाचा रस्ता हाच आहे.

४.१ क्रेट. अंड्यांचे ट्रे उभे ठेवा, म्हणजे घाण खाली पडते. तळ कोरडा. पाण्याची वाटी नको, किडे बुडतात. पाणी त्यांना गाजर, भोपळा किंवा संत्र्याच्या फोडीतून मिळतं.

४.२ पाला. यासाठी बाजारात जायची गरज नाही.

रोजच्यासाठी शेवग्याचा पाला, तुतीचा पाला, मुळ्याचा किंवा मोहरीचा पाला. आणि गोठ्यासाठी लावलेला लसूणघास; जनावरं असलेल्या घरात तो बांधावर उभाच असतो. यात कॅल्शियम चांगलं असतं आणि किडे आवडीने कुरतडतात. जोडीला गाजर, तांबडा भोपळा, रताळं, पपई, आंब्याच्या दिवसांत आंब्याची फोड.

टाळायचा पाला म्हणजे पालक, अळू, तांदुळजा, राजगिरा. आपल्यासाठी या भाज्या चांगल्या, पण त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, मग ते शोषलं जात नाही. “हिरवं आहे ना, मग पालक टाकला” हे वाक्य वरचेवर ऐकायला मिळतं. कोबी आणि काकडी यांतून पाण्याशिवाय फारसं काही मिळत नाही.

पाला विकतचा असेल तर पाण्यात दहा मिनिटं बुडवून, दोनदा धुऊन, फडक्यावर कोरडा करून द्या. शेजारच्या शेतातला लसूणघास आणताना फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय कापू नका.

४.३ कोरडं खाणं. शेवग्याचा पाला आणि लसूणघास सावलीत वाळवून मिक्सरमधून काढा, त्यात साधारण निम्मे दळलेले ओट्स घाला. ही पूड उथळ झाकणात ठेवा. पावसाळ्यात थोडीथोडीच करा, ओल धरली की बुरशी येते आणि अख्खा क्रेट मरतो.

कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं किड्यांना रोज घालू नका. त्यात प्रथिनं फार आणि डी जीवनसत्त्वही असतं. सांधे सुजलेले, गाउट झालेले शॅमेलिऑन यातून तयार होतात.

४.४ वेळ. किडे प्राण्याला द्यायच्या किमान २४ तास आधी ताजा पाला त्यांच्यासमोर हवा, ४८ तास मिळाले तर आणखी चांगलं. रविवारी किडे आणले तर सोमवारी रात्रीपर्यंत त्यांना खाऊ द्या, मंगळवारी सकाळी प्राण्यासमोर.

तपासा: एक रातकिडा बोटांत हलका धरून बल्बच्या उजेडासमोर न्या. पोट टम्म असेल, कातडी ताणून मधल्या पट्ट्या फाकलेल्या असतील आणि आत पाल्याचा हिरवट-काळपट रंग जाणवत असेल, तर तो तयार आहे. पोट चपटं आणि पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असतील तर परत क्रेटमध्ये सोडा.

व्हेल्ड स्वतःही पाला खातो. पिंजऱ्यात जास्वंदाचं झाड ठेवलं तर पानं-फुलं चावतो, ते चालतं. कण्हेर, रुई आणि डायफेनबाकिया पिंजऱ्यात किंवा गच्चीतल्या फिरण्याच्या जागी अजिबात नको, तिन्ही विषारी आहेत. नर्सरीतून आणलेलं कुठलंही झाड पानं धुऊन, वरची माती बदलून आणि महिनाभर बाहेर ठेवूनच आत घ्या.

## टप्पा ५: पावडर लावणं

सकाळी दिवे लागल्यानंतर तासा-दोन तासांनी खाणं द्या. तोवर प्राणी तापलेला असतो आणि पुढे पचवायला दिवस हातात राहतो. संध्याकाळी उशिरा दिलेलं खाणं थंड पोटात पडून राहतं.

एका कोरड्या बरणीत त्या वेळचे चार-पाच किडे घ्या. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी चिमूटभर पावडर टाका आणि बरणी हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. जोरात हलवू नका, किड्यांचे पाय तुटतात. बरणीतून निघालेल्या किड्याचा मूळ रंग दिसला पाहिजे, त्यावर नुसती पांढरी झाक. भजी पिठात बुडवतात तसा किडा भरला की त्याला चव राहत नाही. प्राणी एक खातो, तोंड पुसतो आणि दुसऱ्याकडे बघत नाही. मालक समजतो भूक गेली, आणि आणखी पावडर घालतो.

लावल्यावर लगेच द्या. रातकिडा पाच-दहा मिनिटांत मिशा आणि पाय चाटून पावडर साफ करतो. म्हणून मोकळे सोडण्यापेक्षा फांदीला बांधलेल्या, आतून गुळगुळीत उभ्या डब्यातून खायला लावणं बरं; किती खाल्ले तेही कळतं. अर्ध्या तासाने उरलेले काढा. रात्री पिंजऱ्यात राहिलेले रातकिडे झोपलेल्या शॅमेलिऑनचे पाय आणि पापण्या कुरतडतात.

घरातल्या या गोष्टी पावडर म्हणून वापरू नका:

- पानाचा चुना. तो दाहक आहे, तोंड आणि अन्ननळी भाजते.
- आपल्या कॅल्शियमच्या गोळ्या. बहुतेकांत डी३ असतं, आणि ते माणसाच्या मापाचं असतं.
- गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर. गोठ्यात डबा असतोच म्हणून हात जातो, पण त्यात फॉस्फरस घातलेला असतो आणि तांबं-जस्तासारखे क्षार जनावराच्या मापाने.
- माशाच्या यकृताच्या तेलाची कॅप्सूल. अ आणि ड दोन्हींचा अतिरेक एका थेंबात होतो.

साधी डबी संपली आणि कुरिअर अडकलं, तर पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेस पाण्यात भिजवून मीठ काढा, वाळवा, बारीक वाटा आणि मलमलच्या कापडातून चाळून तेवढ्यापुरता वापरा. डी३ आणि मल्टिव्हिटॅमिनला असा घरगुती पर्याय नाही. एक पाळी चुकली तर चुकू द्या.

तिन्ही डब्यांवर उघडल्याची तारीख लिहा. उघडल्यापासून सहा महिन्यांनी डी३ आणि मल्टिव्हिटॅमिन टाकून द्या, कारण हवेने आणि ओलीने जीवनसत्त्वं मरतात. तिन्ही पावडरी एकाच डबीत मिसळून ठेवण्याची सवय सोडा. त्यात जीवनसत्त्वं लवकर खराब होतात आणि कशाचं किती गेलं याचा हिशोब राहत नाही.

## टप्पा ६: महिन्याचं वेळापत्रक

आठवत राहण्यावर सोडू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार तारखांना गोल करा:

- १ आणि १५ तारीख: डी३ असलेलं कॅल्शियम
- ८ आणि २२ तारीख: मल्टिव्हिटॅमिन
- बाकी प्रत्येक खाण्याला: साधं कॅल्शियम, हलकं

तारीख खाण्याच्या दिवशी येत नसेल तर पुढच्या खाण्याला द्या. पण राहिलेली पाळी पुढच्या पाळीत मिसळून दुप्पट करू नका. मल्टिव्हिटॅमिनमध्येच डी३ असेल तर १ आणि १५ ला तेच द्या आणि ८ आणि २२ ला साधं कॅल्शियम.

हे वेळापत्रक ट्यूब चालू आणि योग्य अंतरावर आहे असं धरून आहे. “ट्यूब नाही, मग रोज डी३ देतो” हा मार्ग मला मान्य नाही. तोंडातून किती डी३ लागतं हे आपण घरी ठरवू शकत नाही, आणि कमी-जास्त झाल्याचं कळतं तेव्हा हाड किंवा मूत्रपिंड गेलेलं असतं. ऊन आणि ट्यूबमधून शरीर स्वतः बनवतं तेव्हा गरजेपुरतंच बनवतं. पैसे कमी असतील तर दुसरा प्राणी घेऊ नका, ट्यूब घ्या.

## टप्पा ७: किती खाऊ घालायचं

चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला रोज, पंधरा-वीस मिनिटांत खाईल तितके छोटे किडे. त्यानंतर वर्षाचा होईपर्यंत हळूहळू दिवसाआड. पूर्ण वाढलेल्या नराला दिवसाआड चार-पाच मध्यम किडे पुरतात. तो मागतो म्हणून देत राहू नका, शॅमेलिऑन कायम मागतच असतो. व्हेल्डच्या डोक्यावरच्या तुऱ्याच्या बाजूला मऊ उशीसारखे फुगवटे आले की खाणं जास्त झालं असं समजा.

मादीचा वेगळा विचार करा. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते. जास्त खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडी संख्येने वाढतात, त्यासाठी लागणारं कॅल्शियम तिच्या हाडांतून निघतं, आणि बऱ्याच माद्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मरतात. म्हणून वाढलेल्या मादीला आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी तीन-चार किडे, आणि ऊब २७ अंशांच्या वर नाही. पाच-सहा महिन्यांची झाली की पिंजऱ्यात कायम एक टब ठेवा, त्यात वीस-तीस सेंमी ओलसर, धुतलेली वाळू. बोगदा खणला तर ढासळू नये इतकीच ओल. मादी खाणं सोडून तळाशी येरझाऱ्या घालायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाका आणि डोकावू नका. आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की ती खणणं अर्धवट सोडते, आणि अंडी आत अडकतात. अंडी झाल्यावर भरपूर पाणी आणि आठवडाभर रोज कॅल्शियम लावलेले किडे, मग पुन्हा नेहमीचं माप.

## टप्पा ८: आठवड्याची तपासणी

ठरावीक वारी, खाण्याआधी, वजन करून वहीत लिहा. वाढलेल्या प्राण्याचं वजन दोन-तीन आठवडे सलग उतरत असेल तर वाट बघू नका. मग फांदीवर चढताना नीट बघा.

कॅल्शियम कमी पडत असल्याच्या खुणा: मांडी किंवा पुढचा पाय कमानीसारखा वाकलेला, चालताना पोट फांदीला घासणं, पकड सुटणं, बोटं थरथरणं, खालचा जबडा मऊ लागणं, जीभ अर्ध्यावरच पडणं.

अ जीवनसत्त्व कमी असल्याच्या खुणा: डोळे सुजून दिवसा मिटलेले, कात तुकड्यातुकड्यांनी आणि अर्धवट निघणं, ओठांच्या कडा सुजणं, जिभेला किडा न चिकटणं. जीभ दोन्हींत बिघडते, त्यामुळे फक्त तिच्यावरून निदान करू नका.

जीवनसत्त्वं जादा झाल्याच्या खुणा: गळ्याखाली आणि मानेला पाण्यासारखी सूज, भूक मंदावणं. ही दिसली की सगळ्या जीवनसत्त्वांच्या पावडरी त्या दिवसापासून बंद. “अशक्त दिसतोय, मल्टिव्हिटॅमिन वाढवतो” असं याच वेळी होतं, आणि तेच जीवावर बेततं.

इशारा: दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आराम करत नसतो. तो आजारी असतो, आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर हवा. वाकलेला पाय सरळ करायचा प्रयत्न करू नका, तोंड जबरदस्तीने उघडू नका, मेडिकलमधून जंताचं औषध आणून देऊ नका.

आपल्या जवळ शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा कुठल्याही खासगी डॉक्टरांकडे निघण्यापूर्वी फोन करून सरपटणारे प्राणी तपासतात का ते विचारा. गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टरही शॅमेलिऑनला इंजेक्शनचा डोस देताना अडतील, आणि ते तसं स्पष्ट सांगत असतील तर त्यांचं ऐका, त्यांनी सुचवलेल्या माणसाकडे जा.

जाताना प्राणी हवेच्या भोकांच्या खोक्यात, आत एक आडवी काठी बांधून, वर ओलसर कापड टाकून न्या. उन्हाळ्यात पहाटेच निघा, बंद गाडीत क्षणभरही ठेवू नका. सोबत त्याच दिवसाची विष्ठा झाकणाच्या छोट्या डबीत घ्या, जंत तपासायला ती लागते. तिन्ही पावडरींच्या लेबलांचे फोटो, ट्यूब आणल्याची तारीख, फांदीवरचं तापमान आणि वजनाची वही हेही घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न बहुधा “काय खातो?” असा विचारतील. त्याचं उत्तर “रातकिडे” एवढंच देऊ नका. रातकिड्यांना काय घालता, तेही सांगा.